अकरा दिवसांचं संग्रहालय

‘कायमस्वरूपी’ हा शब्द धंद्यात पहिल्यांदा माझ्या कानावर आला तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा अर्थ कळला नाही. म्हणजे शब्दाचा कळला. शाळेत मराठीत मी कधी नापास झालो नाही. पण एखादी गोष्ट कायमस्वरूपी उभी करायची म्हणजे नक्की किती दिवस, हे काही केल्या डोक्यात शिरेना.

त्याला कारण आहे. आमचा धंदा गणपतीच्या देखाव्यांचा. सांगलीतली पाच मंडळं माझ्याकडे असायची. बांबू, काथ्या, गोणपाट, पुठ्ठा आणि मैद्याची खळ एवढ्या सामानात आम्ही समुद्रमंथन उभं करत असू. मोटारीच्या वायपरची जुनी मोटर, सायकलची चेन आणि दोन कप्प्या मिळाल्या की कुंभकर्ण जागा होत असे. सगळं अकरा दिवसांपुरतं. दहाव्या दिवशी उंदरांना खळीचा वास लागायचा आणि बाराव्या दिवशी सकाळी आम्ही सगळं उतरवायचो. उंदरांशी आमचा तसा अलिखित करारच होता म्हणा ना.

ही गोष्ट मी घरात इतक्या वेळा सांगितली आहे, की आमच्या दोन्ही मुली ती माझ्याआधी सांगून मोकळ्या होतात. कुमुद, म्हणजे आमची ही, म्हणते, “तुम्ही सांगाल तितक्या वेळा त्या पाइपची उंची वीतभर वाढते.” म्हणून या वेळी लिहूनच काढतो आहे. लिहिलेला पाइप वाढत नाही.

तर देसाई सर. विश्रामबागेत राहायचे, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या संस्थेला एका व्यापाऱ्यानं हळदीचं जुनं गोदाम दान दिलं होतं. गोदामाला खिडक्या नव्हत्या. भिंतींना चुन्याचे तीन हात देऊनही आतली हळद चौथ्या दिवशी बाहेर डोकावायची. तिथं सरांना एका चित्रकाराच्या आयुष्यावरचं दालन करायचं होतं, आणि त्यासाठी ते स्वतः चालत माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये आले.

“चित्रकार आपल्या आटपाडीकडचे आहेत,” सर म्हणाले. “आता साताऱ्यात असतात. शाळेत चित्रकला शिकवायचे. एका परदेशी बाईंनी त्यांचं चित्र विकत घेतलं, तेव्हा आपल्या लोकांना जाग आली. ते अमूर्त चित्रं काढतात.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्यात माणूस, झाड, घर असं काही नसतं.”

“मग काय असतं?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “रंग असतो.”

मी म्हटलं, “सर, मग नुसती चित्रं टांगा की. मला कशाला बोलावता?”

“नुसती टांगली तर लोक दोन मिनिटांत बाहेर येतात. तुमच्या देखाव्याला मात्र दोन-दोन तास रांगेत उभे राहतात. मला ते पाहिजे. आवाज, प्रकाश, सगळं. माणूस दारातून आत गेला की त्या माणसाच्या आयुष्यातच गेला पाहिजे. आणि हे कायमस्वरूपी करायचंय हां.”

“करू की,” मी म्हटलं. न कळलेल्या गोष्टीला आधी ‘करू की’ म्हणायचं, हा आमच्या धंद्याचा पाया.

एक अट मात्र होती. चित्रकारांनी, त्यांना सगळे नाना म्हणायचे, आपली चाळीस चित्रं संस्थेला द्यायचं कबूल केलं होतं. पण दालन आधी स्वतः बघून. तमाशा वाटला तर एकही चित्र साताऱ्याबाहेर जाणार नाही, असं त्यांनी कार्डावर लिहून कळवलं होतं.

मी साताऱ्याला गेलो. मंगळवार पेठेत दोन खोल्यांचं घर. कडी वाजवली तर दार अर्धंच उघडलं आणि आतून एका बाईंचा आवाज आला, “तिरके या.”

मी तिरका झालो. दारामागं चित्रं होती म्हणून दार पूर्ण उघडत नव्हतं. भिंतींना चित्रं, चित्रांना चित्रं टेकलेली, खाटेच्या जागी चित्रं. मधून एक पायवाट स्वयंपाकघराकडं जात होती.

“आमच्याकडं जावईसुद्धा तिरकेच येतात,” त्या बाई म्हणाल्या. या माई. नानांची बायको. बारीक चणीच्या, नऊवारी, बोलणं तुरुतुरु. स्वयंपाकघरात चूल, मांडणी, पाण्याचा बंब आणि कोपऱ्यात गुंडाळलेलं एक अंथरूण.

“मी इथंच झोपते,” त्या म्हणाल्या. “ते ओसरीत. कड बदलली की माझे पाय बंबाला लागतात. बावीस वर्षं झाली. तुम्हीच ना ते मांडववाले? हे बघा, तुमचं ते काय दालन का काय, ते नीट करा. त्यांना पसंत पडू द्या. मला ती खोली पाहिजे. दुसरं काही मागत नाही मी.”

मी म्हटलं, “करू की.”

नाना ओसरीवर बसले होते. उंच, काटक, धोतर आणि वर सदरा. बाह्यांवर रंगांचे डाग. मी वही उघडली. देखावा करायचा तर आधी कथा लागते: जन्म, संकट, तपश्चर्या, वरदान. या चार खुंट्या मिळाल्या की मांडव उभा राहतो.

“नाना, जन्म कुठला?”

“आटपाडी.”

“बालपण?”

“व्हतं.”

“आयुष्यात काही मोठे प्रसंग?”

“न्हाईत.”

“एखादं संकट?”

नानांनी माझ्याकडं बघितलं. “आत्ता चालू हाय.”

एवढं बोलून ते आंघोळीला गेले. मी स्पूलवाला टेपरेकॉर्डर एवढा लांब उचलून आणला होता. तो मोकळा परत न्यायचं जिवावर आलं. म्हणून माईंच्या पुढं माईक धरला आणि म्हटलं, तुम्हीच सांगा काहीतरी.

“रेडिओवर नाही ना लागणार?”

“नाही हो.”

मग माई बोलल्या. पाऊण तास बोलल्या. नानांची आंघोळ संपून, चहा होऊन, ते शेवचिवडा घेऊन येईपर्यंत बोलणं हलक्या आवाजात चालूच होतं. मी मान डोलवत होतो, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष चित्रांकडं होतं. त्यांचे फोटो काढून स्लाइडा करायच्या होत्या. एक चित्र बाहेर काढायला पाच हलवावी लागत. अंगण एवढं अरुंद, की मागं सरकता येईना. अख्खं चित्र काही भिंगात मावेना. प्रत्येक चित्राचा एखादा तुकडाच आला: कुठं तांबडा पट्टा, कुठं भेगाळल्या मातीसारखा तपकिरी, कुठं कडेला निळी रेघ. फोटो बिघडले म्हणून मी परतीच्या एस्टीत स्वतःला शिव्या देत आलो.

आता दालनाबद्दल. लाज वाटते, पण सांगतो.

पाच दृश्यं केली. पहिलं, जन्म. पाळणा गोदामात तयार होताच, आदल्या वर्षीच्या कृष्णजन्माचा. घाईत बाळाच्या डोक्यावरचं मोरपीस काढायचं राहिलं, त्यामुळं आटपाडीच्या शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले नाना डोक्यात मोरपीस घालूनच जगात आले. दुसरं, दुष्काळ; त्यात सायकलच्या चेनवर वरखाली होणारी मोट. तिसरं, मुंबईचं कलाविद्यालय, पुठ्ठ्याचं. चौथं, नाना चित्र काढताना. नानांचा पुतळा म्हणजे जुन्या देखाव्यातला, दाढी भादरलेला विश्वामित्र. उजवा हात वायपरच्या मोटरवर. आणि पाचव्या दृश्यात पडदा उघडला की तोच हात वर जायचा, पंजा पुढं व्हायचा आणि वरून शेवंतीच्या पाकळ्या पडायच्या. का? मला माहीत नाही. आमच्या प्रत्येक देखाव्याचा शेवट तसाच व्हायचा. शेवट दुसरा काही असू शकतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. वर एका नाटकातल्या नटाच्या गडगडाटी आवाजात निवेदन: ‘दुष्काळाच्या ज्वाळांतून एक तेज प्रकटले!’

कोपऱ्यात भिंतीवर नानांच्या चित्रांच्या स्लाइडाही अधूनमधून पडायच्या. शोभेला.

गर्दीचा अंदाज घ्यावा म्हणून सरांनी दालन गणपतीतच खुलं केलं. गर्दी कसली, झुंबड! लोक बाहेर चपला काढून आत यायचे. चौथ्या दिवसापासून नारळ यायला लागले. तासगावकडची एक बाई हात जोडून आमच्या बाबू मिस्त्रींना विचारत होती, “हे कुठलं महाराज म्हणायचं?”

बाबू मिस्त्री म्हणजे माझा उजवा हात. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, मांडवातला प्रत्येक बांबू नावानं ओळखणारे, फक्त विजेच्या वायरीला हात न लावणारे. ते म्हणाले, “आटपाडीचं.”

“नवसाला पावत्यात का?”

“रंगाचं काम असंल तर पावत्यात.”

देसाई सर कपाळाला हात लावायचे आणि त्याच हातानं रांगेतली डोकी मोजायचे. दोन्ही एकदम. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

नानांना गर्दी चालायची नाही. त्यांनी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी यायचं ठरवलं. मी पहाटेच्या गाडीनं त्यांना आणायला निघालो. बाबू मिस्त्री स्टँडपर्यंत पोचवायला आले होते. गाडी सुटता सुटता मी खिडकीतून ओरडून सांगितलं, जे दरवर्षी त्या सकाळी सांगायचो तेच: “बाबू, सगळं उतरवून घ्या! नवरात्राचं सामान मिरजेला लावून द्या! दुपारपर्यंत येतो मी!”

“तुमी बिनघोर जावा, मालक.”

माझ्यासारखा बिनघोर माणूस त्या दिवशी सांगली–सातारा रस्त्यावर दुसरा नसेल.

माई तयारच होत्या. ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी. एस्टीत त्या खिडकीशी, मध्ये नाना, कडेला मी. कराड गेल्यावर माई म्हणाल्या, “सुताराला खाटेचं माप देऊन आले.”

नाना म्हणाले, “आजून मला पसंत पडायचं हाय.”

“पडेल.”

“तमाशा असला तर न्हाई देणार मी. सांगून ठेवतो.”

“बरं. मग खाट तुमच्या चित्रांवर टाकू, मी वर चढून झोपीन.” आणि नानांच्या पुढून वाकून मला, “नीट झालंय ना हो?”

“बघालच तुम्ही,” मी म्हटलं. मनात पाकळ्या पडत होत्या.

गोदामाच्या पायरीवर बाबू मिस्त्री भाकरी आणि ठेचा खात बसले होते. मला बघून उभे राहिले. चेहऱ्यावर असं समाधान, की काय सांगू.

“मालक, यंदा एक नंबर काम. बाराच्या आत साच्या सा उतरवली.”

मी चालता चालता थांबलो. “सहा? मंडळं पाच आहेत, बाबू.”

“आनि ह्यो.” त्यांनी पाठीमागं अंगठा केला.

मी आत गेलो. पाळणा नाही, मोट नाही, मुंबई नाही, विश्वामित्र नाही. पडदे नाहीत, काळं कापड नाही. चार उघड्या भिंती, त्यातून डोकावणारी हळद, आणि मध्ये, बाबू करंटला हात लावत नाहीत म्हणून तेवढ्या वाचलेल्या वस्तू: स्टुलांवर ठेवलेली दोन स्लाइडची यंत्रं, टेपरेकॉर्डर आणि माझे पाइप.

“बाबू, हे कायमस्वरूपी होतं!”

“म्हंजे?”

मलाही त्याच क्षणी कळत होतं.

“तुमीच म्हनला न्हवं सगळं उतरवा म्हून? गाडी गेली की मिरजंला. कापडं तिथं चढलीबी असत्याल.”

एवढ्यात देसाई सर हार घेऊन आले. आत डोकावले. बाहेर आले. दारावरची पाटी वाचली. परत डोकावले. मग पायरीवर बसले. “मांडववाले,” ते अगदी हळू म्हणाले, “माझं दालन कुठं आहे?”

“नवरात्राला गेलंय, सर.”

आणि मागून नाना आत शिरले. गोदामाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. वर बघितलं, चारी बाजूंना बघितलं. “हेच हाय का?”

माई दारात होत्या. त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. सुतारानं त्या वेळी साताऱ्यात लाकूड तासायला घेतलं असेल.

“हेच आहे,” मी म्हटलं. “दार लावल्यावर दिसतं.”

धंद्यात मी बऱ्याच थापा मारल्या, पण इतकी भिकारी थाप दुसरी नाही. आता दार लावल्यावर काहीतरी दिसणं भाग होतं. स्लाइडच्या यंत्रांत दिवे होते. पण ते कमीजास्त करायला माझे पाइप चालू व्हायला हवे होते, आणि बाबूंनी लांबूनच काठीनं कलंडवून त्यांतलं पाणी ओतून दिलं होतं.

हे पाइप काय ते सांगतो. चिनीमातीचा सांडपाण्याचा पाइप, कमरेएवढा (कुमुद, वाचते आहेस ना? कमरेएवढा), बूड बंद करून उभा करायचा. तळाशी तांब्याची एक पट्टी, पाइपात मिठाचं पाणी, आणि वरून दुसरी पट्टी सुती दोरीनं सोडायची. दिव्याकडं जाणारी वीज त्या पाण्यातून जाते. वरची पट्टी जसजशी खाली सोडाल तसतसा दिवा उजळतो, वर ओढलीत की मावळतो. पहाट हवी, संध्याकाळ हवी, आम्ही दोरीनं करायचो. शहाण्या माणसानं हे घरी करू नये. आम्ही शहाणे नव्हतो.

“मीठ पाहिजे,” मी म्हटलं.

“मीठ?” माई पुढं झाल्या. “किती? मुठीनं का चिमटीनं?”

त्या स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानातून जाडं मीठ घेऊन आल्या. बाबूंनी घागरीनं पाणी भरलं. मी वीज बंद ठेवून पट्ट्या बसवल्या आणि माईंनी पाण्यात मीठ सोडलं. वीज सुरू केली, दिवा मिणमिणला.

“अळणी झालंय,” माई म्हणाल्या. मी परत वीज बंद केली, त्यांनी आणखी एक मूठ टाकली, काठीनं ढवळलं. या वेळी दिवा असा लागला, की त्यांनी पदरानं डोळे झाकले. “आता बेताचं. दोरी इकडं द्या. कुणीतरी मला नुसतं सांगा, कमी का जास्त.”

एका स्लाइडयंत्रापाशी मी, दुसऱ्यापाशी बाबू मिस्त्री.

“मालक, करंट हाय हो ह्यात.”

“हात लावू नका. मी म्हणेन तेव्हा भिंगासमोर टोपी धरा, म्हणेन तेव्हा काढा.” म्हणजे एक चित्र मावळताना दुसरं उगवावं. बाबूंनी डोक्यावरची गांधी टोपी काढली आणि आरती धरावी तशी दोन्ही हातांनी भिंगासमोर धरली.

राहिला आवाज. निवेदनाचं स्पूल गणपतीच्या गाण्यांबरोबर मिरजेला गेलं होतं. माझ्या पिशवीत एकच स्पूल होतं, साताऱ्याचं. माईंना गंमत म्हणून त्यांचा आवाज ऐकवायला घेतलं होतं. मी म्हटलं, सुरुवातीला नानांच्या सवयी वगैरे आहेत, तेवढं लावू. पुढं काय आहे ते मला आठवत नव्हतं. आठवायला ऐकावं लागतं, आणि मी त्या वेळी मान डोलवत होतो.

सरांनी दार लावलं.

अंधारात पहिली स्लाइड पडली. मी म्हटलं होतं ना, फोटो बिघडले होते? हातभर चित्रातला वीतभर तुकडा गोदामाच्या अख्ख्या भिंतीवर चढला. एवढा तांबडा मी आयुष्यात बघितला नव्हता. कडेकडेनं हळद त्यात उतरत होती. बाबूंनी टोपी काढली तशी समोरच्या भिंतीवर आटपाडीकडची उन्हाळ्यातली जमीन उगवली, छतापर्यंत. मधे काही अडवायला नव्हतंच. रंग भिंतीवरून जमिनीवर आले, सरांच्या पांढऱ्या पायजम्यावर आले, नानांच्या सदऱ्यावर चढले.

“हा पिवळा माझा न्हाई,” नाना म्हणाले.

“गोदामाचा आहे,” मी म्हटलं.

“ऱ्हाऊ दे. बरा हाय.”

आणि टेप बोलायला लागली.

“चालू आहे का?... सकाळी पाचला उठतात. चहा पितात, पण कप बघत नाहीत. एकदा ब्रश धुतलेलं पाणी प्यायले आणि म्हणाले, आज साखर कमी आहे.” बाबू मिस्त्री खुदकन हसले. टोपी हलली, भिंतीवरची जमीनही हलली. “लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, चित्रकार मिळालाय, तुझं चित्र काढेल. मी वाट बघितली. मग एकदा विचारलं. तर म्हणाले, मग हे सगळं काय हाय? मी सगळी चित्रं बघितली. कुठंच दिसले नाही. पण परत नाही विचारलं.”

“अगं बाई,” दोरी धरलेल्या माई अंधारात म्हणाल्या. “बंद करा ते.”

मी पुढं झालो. नानांनी हात आडवा केला. “चालू दे.”

“मी रागवत नाही हां. मला कळत नाही त्यातलं, पण वाईट नाहीत चित्रं. उन्हाळ्यात ते निळं आहे ना, त्याच्याजवळ बसलं की बरं वाटतं. पण एक हलवायचं तर पाच हलवावी लागतात. मला ना, एकदा त्या खोलीच्या मधोमध उभं राहायचंय. दोन्ही हात लांब करून. कुठंही न लागता. एवढंच... ते आले वाटतं. बंद करा.”

मी शेवटची स्लाइड टाकली. निळी होती, हे मी ठरवून केलं असं मी मुलींना सांगतो. ठरवून काही नव्हतं, पेटीत तीच उरली होती.

टेपची फीत नुसतीच सुळसुळत राहिली. नाना भिंतीकडं तोंड करून उभे होते. मग म्हणाले, “हे तू कवा बोललीस?”

“तुम्ही आंघोळीला गेला होता.”

“एवढं सगळं?”

“तुम्ही अंगाचा रंग घासत बसता. वेळ लागतो तुम्हाला.”

“इकडं ये. मधी ये.”

“दोरी कोण धरील? पाणी उकळायला लागलंय हे.”

“मांडववाले धरत्याल.”

मी दोरी धरली. पाइपातून भात शिजल्यासारखा आवाज येत होता. माई पदर सावरत मध्ये आल्या. नाना बाजूला झाले. माईंनी आधी एक हात लांब केला, मग दुसरा. निळा रंग एका बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत त्यांच्यावर पसरला. त्यांनी एक गिरकी घेतली. लहानशी, अर्धीच, मग त्यांना सरांची आठवण झाली आणि त्या थांबल्या. पण घेतली. चौघांनी बघितली.

“चित्रं घेऊन जावा,” नाना म्हणाले. “समदी.”

सर अजून पायजम्यावरचा रंग झटकत होते. “पण नाना, तुमचा जीवनप्रवास—”

“झाला की.” मग माझ्याकडं वळून, “ह्यात आता आणखी काही घालू नकोस गड्या.”

पुढं तीसेक वर्षं मी हाच धंदा केला. देखावे सुटले, दालनं आली. किल्ल्यांची, शेतीची, एक साखरेच्या इतिहासाचंही. हाताशी चांगली यंत्रं आली, पाइपाच्या जागी बटणं आली. कुणी विचारलं, हे शिकलात कुठं, तर मी ‘सांगलीत, हळदीच्या गोदामात’ म्हणतो. लोकांना वाटतं, विनय आहे. आणि प्रत्येक दालन पूर्ण होत आलं की एकदा आत एकटा उभा राहून मी बघतो, यातलं मिरजेला काय पाठवता येईल. पुष्कळ निघतं.

एक गोष्ट मात्र लागून राहिली आहे. पुढच्या वर्षी स्पूल कमी पडलं म्हणून मी माईंच्या त्या बोलण्यावर एका मंडळाची आरती भरली. धंदा अकरा दिवसांचा, सवय अकरा दिवसांची. दालनात त्यानंतर नुसता रंग राहिला, आवाज नाही. लोक विचारायचे, इथं कुणी बोलायचं ना? मी ‘यंत्र बिघडलंय’ म्हणायचो.

चित्रं आणायला मी आणि बाबू मिस्त्री टेंपो घेऊन साताऱ्याला गेलो. पोत्यात गुंडाळता गुंडाळता बाबू नानांना म्हणाले, “नाना, तुमचा पुतळा लय भारी झाला व्हता. हात वर करून आशीर्वाद द्यायचा. नारळ फुटायचं रोज.”

नानांच्या हातातलं चित्र तसंच राहिलं. “कोन आशीर्वाद द्यायचा?”

मी टेंपोच्या पलीकडं जाऊन दोरखंड तपासायला लागलो. ओसरीवरून मोठ्यानं हसल्याचा आवाज आला. मी डोकावून बघितलं, तर नाना खांबाला धरून हसत होते आणि माई त्यांच्या पाठीवर थापट्या मारत म्हणत होत्या, “अहो पुरे, ठसका लागेल.”

खोली रिकामी झाली. दार पहिल्यांदा भिंतीपर्यंत उघडलं. खाट आली होती, सुतारानं अंगणात ठेवली होती. ती आत कुठं लावायची यावर दोघांचं तासभर भांडण झालं, कारण आता कुठंही लावता येत होती.

दिवाळीनंतर मी सहज गेलो, तर त्या खोलीत भिंतीला टेकून चित्रासाठीचं एक कोरं फळकूट होतं.

“एकच हाय,” नाना लगेच म्हणाले. मी काही विचारलंही नव्हतं.

माईंनी मला दारापर्यंत पोचवलं आणि हळूच माझा सांगलीचा पत्ता एका चिठोऱ्यावर लिहून घेतला.

फाल्गुनात कार्ड आलं. वर श्री, खाली माईंची सही, मधे एवढंच: ‘सात झाली. टेंपो घेऊन या.’